पहिल्यांदाच फुलझाडं लावताय? आधी ऊन मोजा, मग रोप निवडा

प्रश्न थोडक्यात असा: बागकामाचा अनुभव अजिबात नाही, रोज वेळ देणं जमणार नाही, जागा म्हणजे एखादी बाल्कनी किंवा घरासमोरचा छोटा वाफा. तर फारशी निगा न मागता फुलत राहतील अशी फुलझाडं कोणती?

नावं खाली देतेच आहे. पण नुसती नावं घेऊन रोपं आणलीत तर त्यातली काही जगतील, काही जातील, आणि जी गेली ती का गेली हे कळणारही नाही. कुठलंही फुलझाड त्याला मानवणाऱ्या जागी असलं की निगा कमी मागतं. भर उन्हात रानासारखी फोफावणारी सदाफुली सावलीत ठेवली की लांबडी होते, पानं फिकटतात, कळ्या धरत नाहीत. मग आपण काळजीपोटी खत घालतो, पाणी वाढवतो आणि तिला लवकर संपवतो. नवख्या हातांत झाडं जातात ती बहुतेक वेळा दोन कारणांनी, ऊन कमी पडल्यामुळे आणि पाणी जास्त झाल्यामुळे. दुर्लक्षामुळे जाणारी त्या मानाने थोडी.

म्हणून रोप आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस द्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाभराने जिथे कुंडी ठेवायची आहे त्याच जागी जाऊन पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. जागा उजळ दिसली म्हणजे तिथे ऊन आहे असं समजू नका. हात पुढे धरल्यावर त्याची कडा स्पष्ट असलेली सावली पडली तर ते ऊन. सावली धूसर असेल किंवा पडतच नसेल तर तो नुसता उजेड. आपला डोळा अंधुक उजेडाला इतका चटकन सरावतो की सावलीतला कोपराही आपल्याला लख्ख वाटतो, झाडाला मात्र तिथे उपास घडतो. ऊन पाच-सहा तास मिळत असेल तर पुढे सांगितलेली जवळजवळ सगळी फुलं तुमची. तीन-चार तास असेल तर यादी लहान होते. त्याहून कमी असेल तर फुलांचा हट्ट जरा बाजूला ठेवावा लागेल. तिथेही एक-दोन पर्याय आहेत, ते शेवटी येतील. आणखी एक, सूर्याचा आकाशातला मार्ग वर्षभरात सरकतो. आज ऊन येणाऱ्या कठड्यावर चार-सहा महिन्यांनी शेजारच्या भिंतीची सावली असू शकते. तेव्हा ही नोंद ऋतू बदलला की पुन्हा करा आणि कुंड्या उचलून हलवता येतील अशाच आकाराच्या घ्या.

आता पाणी. याबद्दल जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत काही पाणी, काही हवा असं असतं. आपण रोज सवयीने तांब्याभर पाणी ओतत राहिलो की त्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहतात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे माती चिंब असूनही पानं मलूल पडतात. बघणाऱ्याला वाटतं रोप तहानलं आहे, म्हणून तो आणखी पाणी घालतो. पाण्याने मरणारं झाड तहानेने मरणाऱ्या झाडासारखंच दिसतं, फसगत होते ती यामुळे.

यावर उपाय सोपा आहे. पानं मलूल दिसली की आधी मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. आत कोरडं लागलं तर पाणी द्या, तासा-दोन तासांत रोप ताठ होईल. ओल लागली तर पाणी अजिबात देऊ नका. कुंडीखालची ताटली रिकामी करा, कुंडी वारा लागेल अशा जागी सरकवा आणि माती सुकू द्या. तिसरी शक्यता अशी की माती ओलसर आहे, वेळ दुपारची आहे आणि ऊन कडक आहे. तेव्हा पानं नुसती दमलेली असतात, संध्याकाळी आपोआप सावरतात. पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि पुन्हा वरची इंच-दीड इंच माती सुकेपर्यंत थांबा. रोज थोडं थोडं शिंपडलेलं पाणी वरच्याच थरात राहतं, मुळंही वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी रोप माना टाकतं.

‘आठवड्यातून किती वेळा पाणी द्यायचं?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर देत नाही. ऊन, वारा, कुंडीचा आकार, रोपाचं वय यावर ते रोज बदलतं. याचं सुरेख उदाहरण थेट अवकाशातलं आहे. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झिनिया या फुलझाडाची रोपं वाढवली जात होती. जास्तीच्या ओलाव्यामुळे पानांवर बुरशी दिसायला लागली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी जमिनीवरून आलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपांकडे बघून पाणी देण्याची मुभा मागितली, ती मिळाली, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे झिनिया फुललेली जगाने पाहिली. तिथे जे चाललं ते आपल्या बाल्कनीतही चालतं.

कुंडीबद्दल थोडक्यात. भोक नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. आठ ते दहा इंच तोंडाची कुंडी सुरुवातीला बरी. फार लहान कुंडी उन्हात अर्ध्या दिवसात सुकते. तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच साचून राहतं आणि मुळांची जागा मात्र कमी होते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. अंगणातली नुसती माती कुंडीत भरली की काही पाण्यांतच ती घट्ट बसते. तिच्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि भुसभुशीतपणासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाडी वाळू मिसळा. मूठभर ओलं मिश्रण दाबून सोडल्यावर लाडू राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, तर ते जमलं.

आता फुलं.

पाच-सहा तास ऊन असेल तर पहिलं रोप सदाफुलीचं आणा. दुसरं नाव विचारण्याआधी मी हेच सांगते. मूळची मादागास्करची, उष्ण हवेची, कोरड्या मातीची सवय असलेली. पाकळ्या वाळल्या की आपोआप गळतात, त्यामुळे जुनी फुलं खुडत बसावं लागत नाही. थंडी फार कडक नसेल तर वर्षभर फुलते, बी स्वतःच सांडते आणि शेजारच्या कुंडीत पिल्लं उगवतात. तिला एकच गोष्ट खपत नाही, साचलेलं पाणी. बुंध्याजवळचं खोड काळं पडून मऊ झालं की ते रोप गेलं असं समजा. एक काळजीची सूचना: व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं या झाडातून मिळाली हे खरं आहे, पण म्हणून कोणी पानं चघळू नयेत. झाडाचे सगळेच भाग पोटात गेल्यास विषारी आहेत.

विसराळू माणसासाठी, किंवा चार-आठ दिवस घर बंद ठेवावं लागणाऱ्यांसाठी ऑफिसटाइम. काहीजण याला चिनी गुलाब म्हणतात, शास्त्रीय नाव पोर्टुलाका. सुईसारखी मांसल पानं आत पाणी साठवून ठेवतात. बोटभर फांदी तोडा, खालची पानं काढा, ओलसर मातीत खोचा. थोड्याच दिवसांत ती मूळ धरते. बियांनी करायचं असेल तर बी धुळीइतकं बारीक असतं, ते मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. फुलं सकाळी ऊन चढलं की उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. ढगाळ दिवशी बऱ्याचदा उमलतच नाहीत. तुम्ही सकाळी निघून दिवे लागल्यावर घरी येत असाल तर हे लक्षात घ्या, तुमच्या वाट्याला फक्त मिटलेल्या कळ्या येतील.

अशा माणसांनी गुलबक्षी लावावी. ती उन्हं कलली की उमलते, रात्रभर फुललेली राहते आणि सकाळी ऊन तापलं की कोमेजते. रात्री उडणारे पतंग तिच्याकडे येतात म्हणून तिचं वेळापत्रक असं. वास मंद, गोड. एकाच झाडावर गुलाबी आणि पिवळी फुलं, कधी एकाच फुलात दोन्ही रंगांच्या चिरा असं दिसलं तर चकित होऊ नका, ती तिची खासियत आहे. जमिनीखाली जाड कंद होतो, त्यामुळे वरचं झाड वाळलं तरी अनुकूल हवा आली की पुन्हा फुटतं. चार तासांचं ऊनही तिला पुरतं. मात्र तिला कुंडीपेक्षा जमीन आवडते, आणि एकदा जमिनीत गेली की मन मानेल तिथे उगवते. वाफा नेटका ठेवायचा असेल तर आधीच विचार करा.

बियांपासून काही करून बघायचं असेल तर झेंडू आणि झिनिया. माझ्या मते प्रत्येक नवख्या माणसाने एकदा तरी झेंडू बियांतून वाढवावा, कारण तो लवकर उगवून धीर देतो. बी म्हणजे काळी बारीक काडी आणि तिच्या टोकाला फिकट केसांचा झुपका. उबदार हवेत अर्धा सेंटिमीटर मातीखाली टाकलेलं हे बी चार ते सात दिवसांत वर येतं. बुटक्या जातीच्या झेंडूला पेरणीपासून साधारण दीड-दोन महिन्यांत फूल येतं, उंच मोठ्या फुलांच्या जातीला थोडा जास्त वेळ लागतो. झिनियाही तितकीच भरवशाची, रंग जास्त, आणि फुलपाखरं हमखास येतात. तिची मुळं हलवलेली तिला आवडत नाहीत, म्हणून शक्यतो जिथे वाढवायची तिथेच पेरा. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. दमट हवेत गर्दी झाली की पानांवर भुरी येते, पांढरी पीठ भुरभुरल्यासारखी. रोपारोपांत वीतभर अंतर ठेवलं तर बराच बचाव होतो.

या दोघांच्या बाबतीत एक काम मात्र हातून व्हायला हवं आणि नवखे लोक नेमकं तेच टाळतात, शेंडा खुडणं. रोप वीतभर उंच झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की वरचा कोवळा शेंडा पानांच्या जोडीच्या लगेच वर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मोडा. जीव खालीवर होतो, मला माहीत आहे. इतक्या कौतुकाने वाढवलेल्या रोपाचं डोकं कसं उडवायचं? पण कारण समजून घ्या. शेंड्यातून खाली येणारं संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की हा अटकाव उठतो. काही दिवसांनी त्या जोडीतल्या प्रत्येक पानाच्या बगलेत, देठ खोडाला मिळतो तिथे, हिरवा ठिपका दिसेल. तो वाढून फांदी होते. एका काठीच्या दोन, दोनाच्या चार फांद्या होतात आणि प्रत्येकीच्या टोकाला कळी येते. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा येतं, पण नंतर झाड भरून येतं आणि वाऱ्याने आडवं होत नाही.

सुकलेली फुलं खुडायचं कारणही असंच. हंगामी फुलझाडाची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. बी तयार झालं की त्याचा जोर ओसरतो. वाळायला लागलेलं फूल देठासकट काढत राहिलात तर ते नव्या कळ्या काढत राहतं. नुसत्या पाकळ्या उपटून उपयोग नाही. खालचा फुगीर भाग, जिथे बी भरतं, तो गेला पाहिजे. हे काम नको असेल तर वरचीच सदाफुली आणि ऑफिसटाइम बरी.

कॉसमॉसबद्दल एवढंच सांगेन की त्याला चांगलंचुंगलं खायला घालू नका. खताळ मातीत तो माणसाच्या उंचीचा होतो, पानांचा झुपका वाढतो आणि फुलं तुरळक येतात. साध्या, हलक्या मातीत पेरा आणि सोडून द्या. बोगनवेलीचंही तसंच. कागदासारखी रंगीत दिसतात ती तिची खरी फुलं नव्हेत, ती पानंच. खरं फूल म्हणजे मधली पांढरी बारीक नळी. कुंडीत मुळं जरा दाटली, दोन पाण्यांत माती चांगली सुकू दिली आणि ऊन भरपूर मिळालं की ती रंगते. ‘बोगनवेल नुसती पानं काढतेय’ ही तक्रार जवळजवळ नेहमी लाडावलेल्या बोगनवेलीची असते. खतातल्या नत्राने, म्हणजे नायट्रोजनने, पानं वाढतात, फुलं नाही. कुंडीतल्या बाकीच्या झाडांना महिन्याला मूठभर कंपोस्ट दिलं तरी सुरुवातीला चालून जातं.

जाळीवर किंवा गजांवर काही चढवायचं असेल तर गोकर्ण. बियांचं कवच टणक असतं, एक बाजू खरखरीत कागदावर जरा घासा आणि रात्रभर पाण्यात भिजवा, फुगलेलं बी लवकर रुजतं. शेंगवर्गातली असल्याने तिच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र तिला मिळवून देतात. म्हणून तिला खताची फारशी गरज पडत नाही.

तीन-चार तासांचं ऊन असणाऱ्यांनी गुलबक्षीबरोबर तेरडा, अबोली आणि कोरांटी यांचा विचार करावा. तेरड्याला पाणी नियमित लागतं, पण रोज पाणी घातल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांच्यासाठी हा गुणच आहे. त्याच लोकांनी, वाफ्यात पाणी साचत असेल तर, कर्दळ लावावी; बाकीची झाडं जिथे कुजतात तिथे ती खुशाल वाढते, ऊन मात्र चांगलं हवं. ऊन अजिबातच नसेल आणि खिडकीचा उजेड असेल तर पीस लिली. तहान लागली की ती सगळी पानं लोळवते आणि पाणी मिळालं की उठून बसते, त्यामुळे शिकायला उत्तम. फुलं मोजकीच येतात, आणि पानं चावल्यास तोंडाची आग होते, तेव्हा मांजर-कुत्रं किंवा रांगतं मूल घरात असेल तर उंचावर ठेवा.

जिथे थंडीत दव गोठतं तिथे यांतली बहुतेक फुलं उघड्यावर तग धरत नाहीत. तिथे शेवटची गोठवणारी रात्र सरल्यावरच पेरणी करा आणि सदाफुलीसुद्धा एका हंगामाची म्हणून धरा.

आता नको ती. गुलाब पहिल्या वर्षी आणू नका. छाटणी, पानांवरचे काळे डाग, कीड, सगळं एकदम अंगावर येतं आणि माणूस ‘माझ्या हाताला गुणच नाही’ असं म्हणून बागकामच सोडून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. जास्वंद काटक आहे, पण पिठ्या ढेकूण तिच्यावर फार येतो, कोवळ्या शेंड्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस अडकल्यासारखा. आणायचीच असेल तर आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू बघायची तयारी ठेवा आणि कापूस दिसला की पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. उमललेल्या फुलांवर कीटकनाशक मारू नका, मधमाश्या तिथेच येतात. कण्हेर न मरणारी म्हणून सुचवली जाते. तिचा प्रत्येक भाग अतिशय विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात नकोच. घाणेरी तर जमिनीत मुळीच लावू नका. पक्षी तिचं बी लांबवर नेतात आणि जगात अनेक ठिकाणी तिने रानं व्यापून तिथल्या मूळच्या झाडांना हुसकावलं आहे.

रोपवाटिकेतून आणताना सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलायचा मोह होतो. त्याऐवजी फुलं एक-दोन, कळ्या बऱ्याच, खालपासून पानं असलेलं आणि ठेंगणं रोप घ्या. पानं उलटून बघा. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका, चार-पाच दिवस सकाळचं ऊन मिळेल अशा जागी राहू द्या, मग संध्याकाळच्या वेळी मातीच्या गोळ्यासकट हलवा. आणि पहिल्या खेपेला दोन-तीनच प्रकार. दहा प्रकार आणले तर दहा वेगळ्या तहाना सांभाळाव्या लागतात. दोन असले की त्यांची पानं कधी काय सांगतात ते महिनाभरात ओळखू येतं.

हंगाम संपत आला की झेंडू, झिनिया आणि गोकर्णाची काही फुलं मुद्दाम झाडावर वाळू द्या. बोंड किंवा शेंग तपकिरी, कोरडी झाली की काढा, सावलीत आठवडाभर पसरा आणि कागदी पाकिटात नाव-महिना लिहून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडी जरी ओल राहिली तर बुरशी धरते. पाकिटावर एफ-१ संकरित (म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं) लिहिलेलं बी तुम्ही लावलं असेल तर पुढच्या पिढीत फुलांचा रंग-आकार वेगळा निघू शकतो; रोपं मात्र उगवतील. गुलबक्षीचं काळं, सुरकुतलेलं बी थेट मिऱ्यांसारखं दिसतं आणि ते विषारी आहे, तेव्हा ते पाकीट स्वयंपाकघरात आणि मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका.